सही करण्याआधी: नाशिकमध्ये बिल्डिंग कमिशनिंग सुरू करणाऱ्यांसाठी विमा आणि जबाबदारीचं मार्गदर्शन

पाणी थंड करणारा चिलर बसतो, पंप बसतात, पॅनेल उभे राहतात, फायर लाइनला लाल रंग लागतो. मग कुणीतरी हे सगळं एकेक करून चालवून बघतं, मोजतं, ड्रॉइंगशी ताडतं आणि रिपोर्टच्या शेवटच्या पानावर सही करतं. या शेवटच्या कामाला कमिशनिंग म्हणतात. सातपूर-अंबडमधली युनिट, सिन्नर-दिंडोरीकडचे कारखाने, द्राक्षांची कोल्ड स्टोरेज, हॉस्पिटल आणि २०२७ च्या सिंहस्थाआधी पूर्ण व्हायची घाई असलेली हॉटेल, अशा कामांवर नाशिकमधले अनेक तरुण इंजिनिअर नोकरी सोडून स्वतःची दोन-तीन माणसांची फर्म काढतात.

या धंद्याचं गणित विषम आहे. समजा फी दीड लाख आहे आणि चालवून बघायची यंत्रणा चार कोटींची. चूक झाली तर नुकसान त्या चार कोटींच्या हिशेबानं मोजलं जातं, तुमच्या फीच्या हिशेबानं नाही. वर तुमची सही सगळ्यात शेवटची, त्यामुळे बिघाड कुणाचाही असला तरी पहिली नोटीस तुमच्या पत्त्यावर येते. म्हणून आधी आपण कशावर सही करतो ते पक्कं करायचं आणि मग त्या सहीला पुरेल असा विमा घ्यायचा. बहुतेक जण हे उलटं करतात. एजंट सुचवेल ती पॉलिसी घेतात आणि क्लेमच्या वेळी कळतं की आपलं काम त्या पॉलिसीत बसतच नव्हतं.

पहिली पायरी: आपलं काम तीन रकान्यांत मांडा

वहीचं एक पान घ्या आणि तीन रकाने आखा. पहिल्यात लिहा, आपण फक्त बघतो आणि नोंदवतो ते. उदाहरणार्थ, व्हेंडरच्या माणसानं पंप चालवला आणि आपण रीडिंग घेतलं. दुसऱ्यात, आपली माणसं प्रत्यक्ष हात लावतात ते: व्हॉल्व्ह फिरवणं, डॅम्पर (हवेच्या डक्टमधली झडप) सेट करणं, स्टार्टर दाबणं, मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावणं. तिसऱ्यात, आपण ठरवतो किंवा सुचवतो ते: रिलेची (बिघाड होताच वीज तोडायला लावणाऱ्या साधनाची) सेटिंग, बीएमएसचा म्हणजे इमारतीच्या स्वयंचलित नियंत्रण यंत्रणेचा क्रम, पंपाचा सेट पॉइंट.

पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यातली चूक सल्ल्याची म्हणजे व्यावसायिक चूक. तिला प्रोफेशनल इंडेम्निटी पॉलिसी लागते. दुसऱ्या रकान्यातली चूक हाताची. तिथे पब्लिक लायबिलिटी आणि साइटची पॉलिसी कामाला येते. एकच पॉलिसी तिन्ही रकाने झाकत नाही.

याच पानाच्या तळाला आणखी एक यादी करा: कायद्यानं आपण ज्यावर सही करू शकत नाही त्या गोष्टींची. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली यंत्रणा बसवल्याचा फॉर्म ए आणि ती चालू स्थितीत असल्याचा दर जानेवारी-जुलैचा फॉर्म बी हे परवानाधारक एजन्सीनंच द्यायचे असतात. लिफ्टची तपासणी लिफ्ट निरीक्षकाची. एचटी (उच्च दाबाचा) वीजपुरवठा सुरू करण्याआधीची मंजुरी विद्युत निरीक्षकाची. मालक घाईत असला की ‘तुम्हीच लिहून द्या, सगळं तपासलंय म्हणून’ असं म्हणतो. तसं पत्र देऊ नका. अधिकार नसताना केलेल्या सहीचा क्लेम विमा कंपनी सहज नाकारू शकते आणि तेव्हा तिच्याशी भांडायला आपल्या हातात काही नसतं.

दुसरी पायरी: वर्क ऑर्डर वाचा, मग दर सांगा

पॉलिसी तुमची कायदेशीर जबाबदारी उचलते. तुम्ही करारात हौसेनं किंवा न वाचता अंगावर घेतलेली जादा जबाबदारी ती उचलत नाही. म्हणून वर्क ऑर्डरमधली ही वाक्यं पेन घेऊन शोधा.

‘यंत्रणा अपेक्षित कामगिरी देईल याची कमिशनिंग एजन्सी हमी देत आहे.’ हे वाक्य काढायलाच सांगा. डिझाइन दुसऱ्याचं, मशीन तिसऱ्याचं, बसवणं चौथ्याचं. त्याची हमी तुम्ही कशी देणार? कामगिरीची हमी जवळपास प्रत्येक प्रोफेशनल इंडेम्निटी पॉलिसीत वगळलेली असते. त्याऐवजी ‘मान्य केलेल्या चाचणी पद्धतीनुसार, या क्षेत्रातल्या सक्षम व्यावसायिकाकडून अपेक्षित असलेल्या काळजीनं तपासणी करू’ एवढंच लिहा.

उशिराचा दंड, म्हणजे आठवड्याला अमुक टक्के कपात, हाही विम्यात येत नाही. तो मान्य करावाच लागला तर एकूण फीच्या पाच-दहा टक्क्यांवर थांबवा. ‘साइट, वीज आणि पाणी उपलब्ध नसल्यास दिवस मोजले जाणार नाहीत’ ही ओळ सोबत जोडा. कमिशनिंगचे निम्मे दिवस महावितरणच्या जोडणीची किंवा पाण्याच्या टँकरची वाट बघण्यात जातात.

अप्रत्यक्ष नुकसान, म्हणजे बुडालेलं भाडं, वाया गेलेली औषधाची बॅच, रद्द झालेलं लग्नाचं बुकिंग, आपल्या जबाबदारीतून स्पष्ट शब्दांत वगळा. औषध कारखान्याच्या क्लीनरूममध्ये शेजारच्या दोन खोल्यांमधला दाबाचा फरक साधारण १० ते १५ पास्कल ठेवतात. तो हलला तर आत चाललेल्या मालाची किंमत तुमच्या दहा वर्षांच्या फीपेक्षा जास्त असू शकते.

जबाबदारीची कमाल मर्यादा लिहून घ्या. फीइतकी मर्यादा मिळाली तर उत्तम. मोठे मालक ऐकत नाहीत, तेव्हा ‘विमा पॉलिसीतून प्रत्यक्ष मिळणाऱ्या रकमेइतकी’ हा मधला मार्ग असतो. काही जण ‘तक्रार सहा महिन्यांतच करावी, नंतर हक्क संपला’ असं लिहून निश्चिंत होतात. ते टिकत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २८ प्रमाणे मुदतीच्या कायद्यानं दिलेला काळ अशा अटीनं कापता येत नाही आणि करारभंगाच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षं असतात.

निवासी किंवा मिश्र प्रकल्पात आणखी एक मुदत डोक्यात ठेवा. रेराच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा सेवांचा दोष निघाला तर तो दुरुस्त करायची जबाबदारी प्रवर्तकावर (बिल्डरवर) आहे. ती तो कराराच्या साखळीतून खाली सरकवतो आणि साखळीचं शेवटचं टोक बहुधा तुमच्या हातात असतं. ‘मुख्य करारातल्या सर्व अटी एजन्सीला लागू’ अशी ओळ दिसली तर मुख्य करार मागा. दिला नाही तर ती ओळ खोडून मागा.

तिसरी पायरी: माणसांचा विमा सगळ्यांत आधी

पैसे कमी असतील आणि एकच पॉलिसी परवडत असेल, तर ती कामगार भरपाईची घ्या. यात आम्हाला तडजोड मान्य नाही. यंत्र पुन्हा आणता येतं.

१९२३ च्या कामगार भरपाई कायद्याखाली मृत्यूची भरपाई अशी काढत: मासिक पगाराच्या ५० टक्के गुणिले वयानुसारचा गुणक. हिशेबाला धरायचा पगार २०२० पासून जास्तीत जास्त १५,००० रुपये. तीस वर्षांच्या माणसासाठी गुणक २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, बरोबर १५,५९,८५० रुपये. ही रक्कम छोट्या फर्मच्या खात्यात नसते. या तरतुदी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत, म्हणून आपल्या पॉलिसीवर कोणत्या कायद्याचं नाव छापलं आहे ते बघा आणि जुनंच असेल तर दुरुस्तीचं एन्डॉर्समेंट (पॉलिसीला जोडलेला लेखी बदल) मागा.

अडचण येते ती रोजंदारीच्या हेल्परपाशी. पॉलिसी घेताना दोन कायम माणसांचा पगार जाहीर केलेला असतो आणि साइटवर त्या दिवशी नाक्यावरून आणलेले तिघे वर चढलेले असतात. त्यामुळे अर्जात कंत्राटी आणि रोजंदारी कामगार वेगळे दाखवा, त्यांचा अंदाजे वार्षिक पगार धरा आणि कामाचं ठिकाण ‘भारतात कुठेही’ लिहून घ्या. फक्त ऑफिसचा पत्ता लिहिला तर सिन्नरच्या साइटवरचा अपघात वादात सापडतो. वैद्यकीय खर्चाची वाढीव तरतूद थोड्या प्रीमियममध्ये मिळते, तीही घ्या. भरपाई द्यायला उशीर केल्यास लागणारा दंड मात्र पॉलिसी भरत नाही. दहा किंवा जास्त माणसं झाली की ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) विषय येतो. तिथे आपल्या करसल्लागाराशी बोला.

चौथी पायरी: प्रोफेशनल इंडेम्निटी नीट समजून घ्या

ही पॉलिसी ‘क्लेम्स मेड’ पद्धतीची असते. चूक कधी झाली यापेक्षा दावा कधी आला याला इथे महत्त्व. २०२५ मध्ये हॉटेलचं कमिशनिंग केलं, २०२७ मध्ये पॉलिसी बंद केली आणि २०२८ मध्ये नोटीस आली, तर काम करताना पॉलिसी होती याचा काही उपयोग नाही. नोटीस आली त्या दिवशी पॉलिसी चालू हवी.

दुसरी तारीख म्हणजे रेट्रोअॅक्टिव्ह डेट. तिच्या आधी केलेल्या कामाची चूक पॉलिसीत येत नाही. पहिल्या वर्षी ही तारीख बहुधा पॉलिसी सुरू झाल्याचीच असते. म्हणून पहिल्या रिपोर्टवर सही करण्याआधी पॉलिसी घ्या. दरवर्षी नूतनीकरणात तीच जुनी तारीख शेड्यूलवर (पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर) छापून आली आहे का, ते बोट ठेवून तपासा. कंपनी बदलली किंवा मध्ये खंड पडला की ही तारीख गुपचूप नवी होते आणि मागची सगळी कामं उघडी पडतात. स्वस्त प्रीमियमसाठी कंपनी बदलताना हमखास होणारं नुकसान हेच.

आता मर्यादा. पॉलिसीवर दोन आकडे असतात: एका घटनेची मर्यादा आणि वर्षाची एकूण मर्यादा. त्यांचं प्रमाण १:१ पासून १:४ पर्यंत निवडता येतं. ‘एक कोटीची पॉलिसी’ म्हणून मिरवली जाणारी पॉलिसी १:४ ची असेल तर एका घटनेला फक्त २५ लाख मिळतात. चिल्ड वॉटरची लाइन चुकीच्या सूचनेमुळे फुटली आणि ४० लाखांचा दावा सिद्ध झाला, तर १५ लाख तुमच्या खिशातून. वकिलाचा खर्च मर्यादेच्या आत धरलेला असेल, आणि बहुधा तो असतोच, तर त्या २५ मधून तोही वजा. वर एक्सेस, म्हणजे प्रत्येक दाव्यात तुम्ही स्वतः भरायची रक्कम. आमचा सल्ला: १:४ च्या एक कोटीपेक्षा १:१ चे ५० लाख छोट्या फर्मला जास्त उपयोगी. छोट्या फर्मवर वर्षात चार दावे येत नाहीत. आला तर एकच येतो, आणि तो मोठा असतो.

किती रकमेची घ्यायची? तुमच्या एका चुकीनं एका दमात सगळ्यांत महाग काय खराब होऊ शकतं, ते शोधा. चिलरचा कंप्रेसर, की तीन मजल्यांचं छत आणि फर्निचर, की ट्रान्सफॉर्मर? तो आकडा म्हणजे किमान मर्यादा.

अर्ज भरताना व्यवसायाचं वर्णन स्वतः लिहा. ‘इंजिनिअरिंग कन्सल्टंट’ एवढंच लिहून पाठवलेल्या अर्जावर नंतर कंपनी म्हणू शकते की चाचण्या घेणं आम्हाला सांगितलंच नव्हतं. ‘एचव्हीएसी (वातानुकूलन आणि वायुवीजन), विद्युत, प्लंबिंग, अग्निशमन आणि बीएमएस यंत्रणांची चाचणी, समतोलन, कमिशनिंगची देखरेख आणि अहवाल’ असं पूर्ण वर्णन शेड्यूलवर उतरायला हवं. आधीची एखादी तक्रार असेल, अगदी व्हॉट्सअॅपवर आलेली ‘तुमच्या सेटिंगमुळे पंप जळाला’ अशी, तर ती जाहीर करा. लपवलेली तक्रार पुढे दावा झाली, तर कंपनीला नाकारायला तेवढं कारण पुरतं.

प्रीमियम जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. १९३८ च्या विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी तेच सांगतं. ‘पॉलिसी येतेय, चेक सोमवारी देतो’ म्हणत शनिवारी टेस्ट घेऊ नका. प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी धरून बजेट करा.

ब्रोकर आणि एजंट यांत फरक आहे. एजंट विमा कंपनीचा माणूस, परवानाधारक ब्रोकर तुमच्या बाजूचा. या पॉलिसीसाठी ब्रोकर बरा. त्यानं आधी कुठल्या इंजिनिअरचा दावा हाताळला आहे का, ते विचारा.

पाचवी पायरी: पब्लिक लायबिलिटी, आणि तिच्यातलं मोठं भोक

तिऱ्हाइताला इजा झाली किंवा त्याची मालमत्ता बिघडली तर ही पॉलिसी. शिडी घसरून लॉबीतल्या पाहुण्याच्या अंगावर पडली, तर हिचं काम. पण एक कलम नीट वाचा: ज्या वस्तूवर तुम्ही प्रत्यक्ष काम करत आहात, किंवा जी तुमच्या ताब्यात आहे, तिचं नुकसान वगळलेलं असतं.

एक नेहमीचा प्रसंग जवळून बघा. केबलचं इन्सुलेशन मोजायला मेगर लावायचा आहे. ४१५ व्होल्टच्या केबलला ५०० किंवा १,००० व्होल्ट डीसी सोडतात. केबलच्या दुसऱ्या टोकाला पंपाचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक साधन) जोडलेला आहे आणि तो सोडवायचा राहिला. बटण दाबलं, रीडिंग शून्याजवळ आलं, पुन्हा दाबलं. व्हीएफडीचं इनपुट कार्ड गेलं. पब्लिक लायबिलिटीवाले म्हणतील, ही वस्तू तुमच्या कामाखाली होती. प्रोफेशनल इंडेम्निटीवाले म्हणतील, हा सल्ला नव्हे, हाताची चूक. दोन पॉलिसी असून व्हीएफडीचे पैसे तुमचेच.

या नुकसानीला खरा आधार साइटच्या पॉलिसीचा. म्हणून पुढची पायरी.

सहावी पायरी: साइटची पॉलिसी मागून घ्या

मोठ्या कामावर मालकानं किंवा मुख्य कॉन्ट्रॅक्टरनं कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क किंवा इरेक्शन ऑल रिस्क पॉलिसी, म्हणजे बांधकाम किंवा यंत्रउभारणी चालू असताना होणाऱ्या नुकसानीचा विमा, घेतलेली असते. तिची प्रत मागताना संकोच करू नका. प्रत हातात आली की चार गोष्टी बघा.

विमाधारकांच्या यादीत उप-कॉन्ट्रॅक्टर आणि साइटवर काम करणारे सल्लागार आहेत का? नसतील तर कंपनी मालकाला पैसे देईल आणि तेच पैसे वसूल करायला तुमच्या मागे लागेल. नाव घालणं शक्य नसेल तर वसुलीचा हक्क सोडल्याचं एन्डॉर्समेंट तरी घ्यायला लावा.

टेस्टिंगचा काळ किती आठवड्यांचा? बहुधा चार. तो पहिल्या चाचणीपासून मोजतात आणि कमिशनिंग रखडलं की कधी संपला ते कळत नाही. मुदतवाढ संपण्याआधीच मागावी लागते.

मालकाची आसपासची जुनी मालमत्ता धरली आहे का? चालू हॉस्पिटलमध्ये नवी विंग जोडताना हे महत्त्वाचं.

चौथी गोष्ट हॉटेलवाल्यांसाठी. इमारतीचा जो भाग वापरात आला, त्या भागापुरतं या पॉलिसीचं संरक्षण संपतं. गर्दीचा हंगाम साधायला खालचे दोन मजले पाहुण्यांसाठी उघडले आणि वर तुम्ही अजून स्प्रिंकलरला पाणी सोडताय, अशी वेळ आली, तर लेखी विचारा: खालच्या मजल्यांचा विमा आता कुठल्या पॉलिसीत आहे? उत्तर येईपर्यंत वरच्या लाइनमध्ये पाणी भरू नका.

अमोनियाचं कोल्ड स्टोरेज असेल तर आणखी एक कागद. घातक पदार्थ ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त हाताळणाऱ्या मालकाला १९९१ च्या पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायद्याखाली वेगळी पॉलिसी सक्तीची आहे. ती गॅसनं बाधित झालेल्या बाहेरच्या लोकांसाठी असते, तुमच्या माणसांसाठी नाही.

उपकरणांबद्दल थोडक्यात: फ्लो हूड, पॉवर अॅनालायझर, थर्मल कॅमेरा, अल्ट्रासॉनिक मीटर यांची सीरियल नंबरसकट यादी करून पोर्टेबल इक्विपमेंटची पॉलिसी घ्या. गाडीतून चोरी झाल्यास गाडी बंद आणि कुलूप लावलेली होती का, हे विचारतात. गाडीच्या विम्यात ही उपकरणं येत नाहीत.

सातवी पायरी: चाचणीच्या दिवशी

पाण्याची चाचणी हा या धंद्यातला सगळ्यात महाग दिवस. फायर लाइन वर्किंग प्रेशरच्या दीडपट दाबाला तपासायची असते, पण थेट तिथे जाऊ नका. छत बंद करण्याआधी चाचणी घ्या. एका वेळी एकच मजला वेगळा काढा. ड्रेन व्हॉल्व्ह उघडतो का, ते आधी बघा, कारण गळती लागल्यावर गंजलेला ड्रेन उघडायला अर्धा तास लागतो. वरचा एअर व्हेंट उघडा ठेवून पाणी सावकाश भरा. दोन बारला थांबून पूर्ण मजला फिरा. न बसवलेलं एखादं प्लग किंवा हातानं लावून सोडलेलं स्प्रिंकलर इथेच सापडतं. मग टप्प्याटप्प्यानं वर. प्रत्येक मजल्यावर एक माणूस, एक फोन आणि बंद करायच्या व्हॉल्व्हचं ठिकाण माहीत असलेला एक जण. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी लाइन दाबाखाली ठेवून घरी जाऊ नका.

चाचणी संपल्यावर आणखी मोठी चूक होते: कंट्रोल व्हॉल्व्ह बंदच राहतो. पुढे आग लागते आणि स्प्रिंकलर कोरडा निघतो. म्हणून शेवटचं काम ठरलेलं: प्रत्येक व्हॉल्व्ह उघडा करून सील किंवा साखळी लावायची, टॅग आणि तारखेसकट फोटो काढायचा आणि मालकाच्या माणसाची सही घ्यायची.

चिल्ड वॉटर फ्लशिंगला चिलरची बायपास लाइन उघडा, नाहीतर वेल्डिंगची खपली आणि वाळू सरळ इव्हॅपोरेटरमध्ये जाते. पंप सुरू करण्याआधी सक्शन व्हॉल्व्ह आणि पाण्याची पातळी बघा. कोरडा फिरलेला पंप काही मिनिटांत सील खातो.

विजेच्या कामात पॅनेलला कुलूप आणि नावाचा टॅग लावल्याशिवाय कुणी आत हात घालायचा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणातून झालेल्या मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिक्षा आणि दंड कुठलीही विमा कंपनी उचलत नाही.

पहिल्या दोन-तीन वर्षांत मेडिकल गॅसचं काम एकट्यानं घेऊ नका. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि किमान २२ रुग्ण गेले. या शहराला तो दिवस विसरता येणार नाही. गॅस लाइनच्या क्रॉस-कनेक्शन चाचणीत (एका गॅसची लाइन चुकून दुसऱ्याला जोडली नाही ना, ते बघताना) एका वेळी एकच गॅस दाबाखाली ठेवून प्रत्येक आउटलेट तपासावं लागतं, एकही न वगळता. त्यासाठी अनुभवी माणूस आणि पुरेसा वेळ लागतो. मालक वेळ देत नसेल तर काम सोडा.

आठवी पायरी: रिपोर्टची भाषा

नाशिकच्या जमिनीत काळ्या मातीचा थर बऱ्याच ठिकाणी पातळ आणि खाली मुरूम आणि कातळ. ऑगस्टमध्ये चार दिवस पाऊस पडल्यावर घेतलेलं अर्थिंगचं रीडिंग आणि मे महिन्यातलं रीडिंग यांत मोठी तफावत येते. आता ही दोन वाक्यं शेजारी ठेवा.

‘इमारतीची अर्थिंग यंत्रणा सुरक्षित असल्याचं प्रमाणित करतो.’

‘१२ ऑगस्ट रोजी, आधीचे चार दिवस पाऊस असताना, अर्थ पिट क्रमांक ३ ग्रिडपासून सोडवून घेतलेलं रीडिंग २.८ ओहम. मीटरचा क्रमांक आणि कॅलिब्रेशनची तारीख सोबत. एप्रिल-मेमध्ये पुन्हा मोजावं.’

पहिलं वाक्य कायमची हमी देतं. दुसरं एका दिवसाचं खरं माप सांगतं. मे महिन्यात रीडिंग सहा आलं, तर पहिल्या वाक्यावर दावा होतो. दुसऱ्यात तुम्ही ते आधीच लिहून ठेवलेलं असतं.

हवेच्या मापातही असंच. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, त्यामुळे इथली हवा सहा-सात टक्क्यांनी विरळ. कॅटलॉगमधला फॅनचा प्रेशर समुद्रसपाटीच्या हवेचा असेल तर इथलं माप कमीच दिसणार. दुरुस्ती केली की नाही, ते प्रत्येक तक्त्याखाली लिहा. नाहीतर फॅन पुरवणारा, मालक आणि तुम्ही तिघेही वेगवेगळ्या आकड्यांवर भांडत बसाल.

जे तपासलं नाही त्याचं वेगळं पान करा: ‘पावसाळ्यात चाचणी घेतल्यामुळे कूलिंग टॉवर पूर्ण भारावर तपासलेला नाही.’ हे पान रिपोर्टच्या सुरुवातीला लावा. दोषांची यादी ईमेलनं पाठवा आणि मालकानं दोष शिल्लक असताना ताबा घेतला तर तेही त्याच ईमेलमध्ये नोंदवा. कॅलिब्रेशनची प्रमाणपत्रं एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची ठेवा. मुदत संपलेल्या मीटरचं रीडिंग समोरचा वकील पहिल्या दहा मिनिटांत बाद करतो.

नववी पायरी: नोटीस आली तर

त्याच दिवशी ब्रोकरला आणि विमा कंपनीला लेखी कळवा. रीतसर नोटीस नसली, नुसतं रागाचं ईमेल असलं तरी कळवा. ‘आमची चूक झाली, फुकटात बदलून देतो’ असं फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर बोलू नका. कंपनीच्या संमतीशिवाय कबुली दिली तर पॉलिसीच हातची जाऊ शकते. सहानुभूती दाखवा, साइटवर जा, पुढचं नुकसान थांबवा, पण दोष कुणाचा यावर गप्प राहा. बीएमएसचे ट्रेंड लॉग (वेळेनुसार साठवलेली रीडिंग) काही आठवड्यांत आपोआप पुसले जातात, ते लगेच उतरवून घ्या. जळालेला भाग सर्व्हेअर येईपर्यंत टाकू देऊ नका.

एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते: थकलेल्या फीचा तगादा लावला की उलट दावा येतो. उद्यम नोंदणी असेल तर एमएसएमई कायद्याखाली ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि तो हक्क जरूर वापरा. पण कायदेशीर नोटीस पाठवण्याआधी आपली फाइल पूर्ण आहे का, ते तपासा. ‘काम सदोष होतं म्हणून पैसे अडवले’ असं उत्तर आलं की ते पत्रही विमा कंपनीला कळवा.

कंपनीनं क्लेम नाकारला तर आधी तिच्या तक्रार कक्षाकडे लेखी दाद मागा. महिनाभरात समाधान झालं नाही, तर एकट्याच्या मालकीच्या फर्मला आणि सूक्ष्म उद्योगाला विमा लोकपालाकडे जाता येतं. नाशिकसाठी ते कार्यालय पुण्याला आहे. ५० लाखांपर्यंतची भरपाई तिथे मागता येते, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

फर्मची रचना आणि व्यवसाय बंद करताना

एकट्याच्या मालकीच्या फर्ममध्ये दावा थेट तुमच्या घरापर्यंत येतो. एलएलपीत (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीत) दुसऱ्या भागीदाराच्या चुकीपासून तुम्ही वाचता, पण तुमच्या स्वतःच्या हातून झालेल्या चुकीची जबाबदारी तुमच्यावरच राहते. म्हणजे एलएलपी काढली म्हणून प्रोफेशनल इंडेम्निटी टाळता येत नाही.

धंदा बंद करून पुन्हा नोकरीला जाणार असाल तर पॉलिसी लगेच सोडू नका. काम थांबलं तरी जुन्या रिपोर्टवरच्या सह्या जिवंत असतात. बंद करताना वाढीव कळवणी मुदतीची पॉलिसी (धंदा थांबल्यावर आलेले जुन्या कामाचे दावेही जिच्यात कळवता येतात) मिळते का, ते ब्रोकरला विचारा. निवासी प्रकल्प केले असतील तर शेवटच्या ताब्यापासून पाच वर्षं, बाकी कामांसाठी शेवटच्या रिपोर्टपासून किमान तीन वर्षं ती चालू ठेवा. रिपोर्ट, कॅलिब्रेशनची प्रमाणपत्रं, व्हॉल्व्हचे फोटो आणि सगळ्या जुन्या पॉलिसींची शेड्यूल तोवर एका हार्ड डिस्कवर आणि एका छापील फाइलमध्ये, दोन वेगळ्या जागी ठेवा.